ओटा, दुकान आणि भांडारा : बऱ्हाणपूरच्या पेठेतील लहान इमारतीचा इतिहास



शाळेने चालविलेल्या या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. असीरगड आणि बऱ्हाणपूर या परिसरावर बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांची अपेक्षा गडाच्या वेढ्यांची, बादशहांच्या स्वाऱ्यांची आणि मुमताजमहलच्या मृत्यूची कथा ऐकण्याची असेल. ती कथा मोठी आहे आणि अनेकांनी सांगितलेली आहे. मी आज तिच्या सावलीत राहिलेल्या एका लहान वास्तूकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती वास्तू म्हणजे पेठेतले दुकान. मी साहित्याचा आणि भाषेचा अभ्यासक आहे, स्थापत्यशास्त्राचा अधिकारी नव्हे. पण घरे पडली तरी घरांचे शब्द मागे राहतात, आणि शब्दांचा माग काढणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय असल्यामुळे हे धाडस करीत आहे.

गडाच्या कुशीतली पेठ

बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड उभा आहे. सातपुड्यातून उत्तर हिंदुस्थानात जाणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणूनच त्याला दक्षिणेचा दरवाजा म्हणत आले. गड ज्याच्या हाती त्याच्या हाती वाट, आणि वाट ज्याच्या हाती त्याच्या हाती तापीकाठचा व्यापार, असे हे साधे गणित होते. फारुकी घराण्याच्या नासीरखानाने इ. स. १४०० च्या सुमारास बऱ्हाणपूर वसविले आणि खुलताबाद येथे चिरविश्रांती घेतलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन या सूफी सत्पुरुषाचे नाव त्याला दिले. पलीकडच्या तीरावरील झैनाबादला शेख झैनुद्दीन यांचे नाव मिळाले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या स्वाधीन झाला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. पुढे उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, हा मुलूख पेशव्यांकडे आणि त्यानंतर शिंद्यांकडे आला. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी शहर आणि गड दोन्ही घेतले व तहानंतर परत केले. १८१९ च्या एप्रिलमध्ये गड कायमचा त्यांच्या हाती गेला.

राज्यकर्ते असे बदलत गेले, परंतु पेठ तीच राहिली. येथील मलमल, जरीकाठी वस्त्रे, कलाबतू, किनखाब आणि पागोटी यांना दूरदूरून मागणी असे. सतराव्या शतकाच्या मध्यास येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये नोंदवितो की येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरो येथेच नव्हे तर रशिया आणि पोलंडपर्यंत जात असे. ज्या शहराचा माल पोलंडला पोचत होता, त्या शहरातली दुकाने कशी असतील? आपण मनाशी भव्य चित्र उभे करतो. समकालीन साक्षी मात्र वेगळेच सांगतात.

दोन परदेशी साक्षी

पहिली साक्ष सर टॉमस रो या इंग्रज वकिलाची. तो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून बादशहाच्या दरबाराकडे जाताना बऱ्हाणपुरास आला आणि शहजादा परवेझ याला भेटला. त्याची उतरण्याची व्यवस्था सरायीत केली होती. सरायीची दर्शनी बाजू दगडी आणि देखणी होती. आत त्याच्या वाट्याला चार खोल्या आल्या, त्या भिंतीच्या अंगात विटांनी बांधलेल्या, वरून गोल आणि भट्टीएवढ्याच होत्या. एका सम्राटाकडे निघालेल्या राजदूताला हे मानवणे कठीण होते, त्याने आपले तंबू जवळ केले. शहराबद्दलही त्याचे मत फारसे चांगले नाही. शहजादा, खानखानान आणि आणखी काही थोडे सोडले तर इतरांची घरे मातीची, झोपडीवजा असल्याचे तो लिहितो. ताव्हेर्नियेनेही मोडकळीस आलेले आणि बहुतांशी गवताने शाकारलेल्या घरांचे शहर पाहिले.

या नोंदींत परक्या माणसाचा तुसडेपणा आहे, हे मान्य करूनही त्यांतून एक गोष्ट निश्चित हाती लागते. या शहरात माल मोठा होता, उलाढाल मोठी होती, पण दुकान आणि घर लहान होते, मातीचे होते, हलके होते. व्यापाऱ्याने आपली संपत्ती भिंतींत घातली नव्हती. ती मालात, हुंडीत आणि पतीत होती. ज्या गावावरून फौजा येत-जात त्या गावात हे शहाणपणाचेच होते. दडविता किंवा हलविता येईल ते जवळ ठेवावे आणि जे जाळले जाण्याचा संभव आहे त्यावर फार खर्च करू नये.

मग भक्कम, दगडी, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे असे या शहरात काय होते? जे सर्वांचे होते ते. असीरगड, ज्याने वाट राखली. सराय, जिच्यात परमुलखातला व्यापारी आपल्या गाठोड्यांसह रात्रभर निर्धास्त झोपे. शहराभोवतीचा कोट, जो निजामुल्मुल्क आसफजाहने १७३१ मध्ये बांधविला. जामा मशीद, जिच्यावर फारुकी राजाने अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरविला. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे पाणी.

जमिनीखालचे शहर

इ. स. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीम याच्या काळात, इराणी पद्धतीची भूमिगत जलव्यवस्था येथे सिद्ध झाली. तिला कुंडी भांडारा म्हणतात. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पाणी जमिनीत मुरून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच, नदीला मिळण्यापूर्वी, भुयारात झेलायचे आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे न्यायचे, ही तिच्यामागची कल्पना. भुयाराच्या माथ्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो, माणूस खाली उतरून गाळ काढू शकतो. तेथून पुढे पाणी भाजक्या मातीच्या नळांनी वस्तीत खेळविले गेले. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. अशा एकूण आठ जलव्यवस्था या शहरात होत्या, असे जुनी गॅझेटिअरे सांगतात. २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या भांडाऱ्याचे नाव दाखल झाले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

दुकानाविषयी बोलताना मी पाण्याकडे का वळलो, असे कोणी विचारील. रंगाऱ्याला पाणी हवे, विणकराला हवे, सरायीतल्या जनावरांना हवे. पाणी सार्वजनिक आणि खात्रीचे असल्यामुळेच दुकानाला लहान राहणे परवडले. ज्याला सराय आहे त्याला आपल्या गिऱ्हाइकासाठी पाहुणघर बांधावे लागत नाही, आणि ज्याला कोट आहे त्याला प्रत्येक घराचा किल्ला करावा लागत नाही. इमारतीचा आकार तिच्या मालकाच्या ऐपतीवर ठरतो, असे आपण समजतो. बऱ्हाणपूरचा इतिहास सांगतो की तो गावाने एकत्र येऊन काय उभारले आहे, यावरही ठरतो.

दुकानाचा शब्द आणि दुकानाचे अंग

आता प्रत्यक्ष दुकानात शिरू. ‘दुकान’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ अरबी ‘दुक्कान’, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ आहे बसण्याचा उंचवटा, चौथरा, म्हणजे आपल्या भाषेत ओटा. विक्रीच्या जागेला तिच्यातल्या ओट्यामुळे नाव मिळाले. चार भिंती आणि छप्पर ही नंतरची भर. ज्या दिवशी रस्त्याच्या कडेला कोणी हातभर उंच माती ठोकून तिच्यावर माल मांडला, त्या दिवशी दुकान जन्मास आले. बऱ्हाणपुरातील शनवारा, इतवारा ही स्थळनामे वारांची आहेत, आणि वारावारी भरणाऱ्या बाजारांची आठवण ती करून देतात. हाटातली उघडी पथारी, तिच्याखाली ओटा, ओट्यावर छप्पर, छपरामागे खोली, खोलीवर माडी, असा हा विकासक्रम आहे.

तापीकाठच्या जुन्या पेठांत, मग ते बऱ्हाणपूर असो वा खानदेशातील एखादे कसब्याचे गाव, जे दुकानघर दिसते त्याची रचना साधारण अशी. रस्त्यावर तोंड अरुंद, आत लांबी पुष्कळ. रस्त्याला भिडणारी जागाच मोलाची, म्हणून ती सर्वांनी थोडी थोडी वाटून घेतलेली. दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खर्च निम्मा आणि उन्हाचा ताप कमी. पाया काळ्या दगडाचा, वर विटा वा माती, सांगाडा सातपुड्याच्या सागवानाचा, आणि खानदेशी पद्धतीचे मातीचे धाबे किंवा कौले.

या सांगाड्याचे माप म्हणजे ‘खण’. दोन तुळयांमधले अंतर तो खण. घर किती हात लांब हे न सांगता ते किती खणांचे, असे सांगण्याची आपली रीत. सागाची तुळई न वाकता जेवढे पेलेल तेवढा पसारा. म्हणजे घराचे माप कागदावर ठरले नाही, ते झाडाने ठरविले. आणि चोळीच्या कापडाच्या तुकड्यालाही आपण खणच म्हणतो. विणकरांच्या गावात घर आणि कापड एकाच शब्दाने मोजले जावे, यात मला भाषेचे मोठे औचित्य वाटते.

पुढे ओटा, साधारण कमरेच्या थोडा खाली येईल इतका उंच. पावसाळ्यात रस्त्याचे पाणी आत येऊ नये, आणि बैलगाडीतले गाठोडे फार न वाकता आत सरकविता यावे, अशा दोन्ही सोयी त्यात साधतात. ओट्यावर पुढे आलेले छप्पर गिऱ्हाइकाला सावली देते, आणि कापडाचा रंग उन्हाने विटू न देता उजेडात खरा दाखविते. दर्शनी भाग बंद करायचा तो फळ्यांनी. वरच्या आणि खालच्या लाकडी खाचेत एकेक फळी सरकवायची, शेवटच्या फळीला अडसर वा कडीकुलूप. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले. आत गादी, लोड, गल्ला आणि चोपड्या. त्यामागे कोठी. त्यामागे लहानसा चौक, ज्यातून उजेड आणि वारा येतो, आणि चौकापलीकडे घरच्या माणसांचा वावर. एका बाजूने माडीवर जाणारा अरुंद जिना. रस्त्यावरून आत जाताना प्रत्येक पायरीला नाते बदलते. वाटसरू ओट्यापर्यंत, गिऱ्हाईक गादीपर्यंत, दलाल आणि गुमास्ता कोठीपर्यंत, आप्त चौकापर्यंत. दारावर पाटी न लावता इमारतच माणसाला त्याची जागा सांगते.

ही युक्ती आपलीच आहे, असा अभिमान मात्र बाळगू नये. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात रस्त्याच्या कडेची दुकाने अशीच आहेत. उंबऱ्याच्या दगडात फळ्या सरकविण्याची खाच आहे, आणि काही ठिकाणी वर झोपण्याचा पोटमाळाही होता. सिंगापूर वसविताना १८२२ मध्ये रॅफल्सने प्रत्येक दुकानघरापुढे ओसरी ठेवून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सलग छायामार्ग ठेवण्याची आज्ञा केली. ऊन, पाऊस, चोर आणि गिऱ्हाईक हे चार प्रश्न जेथे जेथे एकत्र आले तेथे तेथे कारागिरांना जवळजवळ तेच उत्तर सुचले.

ओट्याची दुसरी बाजू

येथवर मी गुणगान केले. पण अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये. ओट्याची उंची पाण्यापासून आणि गाडीच्या सोयीसाठी होती हे खरे, तथापि ती माणसामाणसांतली उंचीही होती. सावकार गादीवर आणि कुळ खाली रस्त्यावर. ज्यांना अस्पृश्य ठरविले गेले होते त्यांना ओट्याला हात लावण्याची मुभा नव्हती. पैसे दुरून टाकायचे आणि माल दुरून घ्यायचा, ही आपल्या कित्येक पेठांची रीत होती. इमारत माणसाला त्याची जागा सांगते, असे मी म्हटले. ती अपमानाची जागाही सांगत असे. आजच्या दुकानात रस्त्यावरून सपाट फरशीवर कोणीही सरळ आत जातो आणि आपल्या हाताने माल पाहतो, हा बदल मला मोलाचा वाटतो. जुन्या वास्तूचे जतन करताना तिच्यातला हा भाग विसरता कामा नये, आणि तो लपविता तर मुळीच कामा नये.

दुसरे दोषही होते. आतल्या खोल्या अंधाऱ्या, जिने अवघड, आणि लाकडाच्या दाट वस्तीत आगीचे भय कायमचे. माळ्यावर निजणाऱ्या पोरवयाच्या नोकराला त्या माडीचे कौतुक वाटत असेल, असे मला वाटत नाही.

उलटलेले गणित

१८६० च्या सुमारास बऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले. त्याच दशकात लोहमार्ग आला, पण स्थानक शहराबाहेर लालबागेत झाले, आणि व्यापाराचा ओघ हळूहळू खांडव्याकडे वळला. दरबारी पागोटी आणि किनखाब यांचे गिऱ्हाईकच उरले नव्हते. १९०१ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ३३,३४१ होती. विसाव्या शतकात कापड गिरणी आली, पुढे यंत्रमागांनी शहराला नवा आधार दिला. २००३ मध्ये बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या नव्या काळात पेठेचे रूपही पालटले. ओटा फोडून फरशी रस्त्याच्या पातळीवर आणली जाते, फळ्यांच्या जागी लोखंडी शटर येते, चौकावर स्लॅब पडतो आणि दोन खणांच्या जागी तीन मजली संकुल उभे राहते. याबद्दल दुकानदाराला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. भाऊवाटण्या झाल्या, जागेचे मोल वाढले, सागवान परवडेनासे झाले. ज्याच्या डोक्यावर धाबे गळते आहे त्याला वारशाचे महत्त्व आपण दुरून सांगू नये.

माझी चिंता वेगळी आहे. पूर्वी खाजगी इमारत लहान आणि सामाईक व्यवस्था भक्कम, असे जे गणित होते ते आता नेमके उलटले आहे. प्रत्येकाची इमारत भक्कम झाली, आणि जे सर्वांचे आहे ते दुबळे होत चालले. चौक बुजला म्हणून दिवसा दिवे लावावे लागतात. छपराची ओसरी गेली म्हणून रस्त्यावर सावली उरली नाही. धाब्यावरचे आणि चौकातले पाणी पूर्वी थोडे तरी जमिनीत जाई, आता ते गटारात जाते, आणि प्रत्येक संकुल आपापली कूपनलिका खोल खोल नेते. ज्या मुरलेल्या पाण्यावर भांडारा जगतो, ते पाणी असे दोन्ही बाजूंनी आटते. भांडाऱ्याच्या भुयारात साचणारे चुन्याचे थर काढायला माणसे लागतात, पैसा लागतो, आणि मुख्य म्हणजे हे आपले आहे अशी भावना लागते. जागतिक यादीतले नाव ती भावना आपोआप निर्माण करीत नाही.

कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. १९५८ च्या अधिनियमाने असीरगडासारख्या स्मारकांना संरक्षण मिळाले ते योग्यच आहे. पेठेतल्या साध्या दुकानाला मात्र असा कोणी वाली नाही, आणि प्रत्येक दुकान स्मारक ठरविणे इष्टही नाही. पेठ चालती राहिली पाहिजे. ज्या पेठेत विक्री होत नाही ती पेठ राहत नाही, तिचा देखावा होतो.

मग करावे काय? नवे लहान दुकान बांधताना जुन्याची नक्कल नको, त्याचे तर्कशास्त्र घ्यावे. दर्शनी बाजूला थोडी सामाईक सावली सोडावी. पायरी असेल तेथे उतारही असावा, म्हणजे म्हाताऱ्या आणि अपंग माणसालाही आत येता येईल. मध्ये उजेडाचा एक झरोका राखावा. आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. ही शेवटची गोष्ट कमी खर्चाची आहे, आणि तिच्यामुळे खाजगी इमारतीचे नाते पुन्हा जमिनीखालच्या त्या सार्वजनिक शहराशी जुळेल.

विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या परिसरात जी जुनी दुकाने अजून उभी आहेत, त्यांची मोजणी करा. तोंड किती हात, खण किती, ओटा किती उंच, फळ्या किती, चौक आहे की बुजला, हे मालकाची परवानगी घेऊन एका वहीत लिहा. सुताराला आणि गवंड्याला प्रत्येक भागाचे नाव विचारा, आणि त्याने जसे उच्चारले तसेच उतरवा. तुळई, तक्तपोशी, सज्जा, अडसर, धाबे हे शब्द कोशात सापडतील. पण तुमच्या गावच्या सुताराच्या तोंडी असलेले कितीतरी शब्द कोणत्याही कोशात नसतील, आणि तो सुतार गेला की ते मिळणार नाहीत. राजवाड्याचे नकाशे काढणारे पुष्कळ आहेत. या दुकानांचे नकाशे काढणारे तुम्हीच आहात. अशी एक वही शाळेच्या ग्रंथालयात जमा झाली, तर आजच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.